स्थळासाठी स्थळ

लग्नाच्या बायोडाटावर हल्ली ‘नॅचरल’ फोटो लागतो. स्टुडिओतला निळा पडदा बाद. मागे झाड हवं, केस जरासे उडायला हवेत आणि खर्च होता कामा नये. या तिन्ही अटींत बसणारी एकच जागा शहरात उरते, ती म्हणजे नगरपालिकेची बाग. म्हणून मुलामुलींची स्थळं बघायच्या आधी आम्हा फोटोवाल्यांना बागेत स्थळ बघावं लागतं. पत्रिका इथेही जुळवावी लागते, फक्त ग्रह एकच असतो: सूर्य. मंगळ परवडला.

पुण्यात १४ मेच्या सुमारास भरदुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली गडप होते आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख साठतो. फोटोतला मुलगा तीन रात्रपाळ्या करून आल्यासारखा दिसतो. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीसुद्धा ४८ अंशांच्या वर चढत नाही, त्यामुळे हिवाळ्यात सकाळी सात ते साडेनऊ निवांत काम होतं. उन्हाळ्यात मात्र बागेचं फाटक उघडेपर्यंत सूर्य उगवलेला असतो आणि साडेसातनंतर पत्रिकेत खडाष्टक सुरू. मुहूर्त साडेसहाचा सांगावा, म्हणजे मंडळी सव्वासातला येतात. (साडी नेसायला लागणारा वेळ कोणत्याही ॲपमध्ये दाखवत नाहीत.)

स्थळ बघायला आदल्या आठवड्यात एकट्याने जावं, त्याच वेळी, आणि कॅमेरा घरी ठेवून. कॅमेरा गळ्यात असला की माणूस फुलांमागे धावतो. सोबत फक्त हाताची मूठ न्यायची. हात खांद्याच्या उंचीवर समोर ताठ धरायचा, अंगठा वर करायचा आणि जागच्या जागी सावकाश गोल फिरायचं. नजर बोटांच्या पेरांवर ठेवायची. एका दिशेला अंगठ्याची सावली मुठीवर सुरीने कापल्यासारखी पडते, थोडं वळलं की तिची कड विरघळते आणि सगळी पेरं सारखी उजळतात. मुठीची जी बाजू त्या क्षणी आपल्याला दिसते, तीच उद्याचा चेहरा, आपल्याकडे वळलेला. आपण उभे आहोत तिथे कॅमेरा आणि मूठ आहे तिथे मुलगी. अशा दोन-तीन गिरक्या झाल्या की हास्यक्लबातले एखादे आजोबा जवळ येतात. “हे कुठलं आसन? गुडघ्याला चालेल का?” चालेल म्हणावं. समजावायला गेलात तर ऊन वर येतं.

मुठीला जिथे जिथे चांगला उजेड सापडतो, त्या जागा दिसायला अगदीच साध्या असतात. पंपघराची चुन्याने रंगवलेली भिंत, बांबूच्या बेटाची उत्तरेकडची कड, नाहीतर फाटकावरच्या छपराखालची सावली. यातलं छप्पर तर सोनं. मागे अंधार, समोर मोकळं आकाश, चेहऱ्यावर लोण्यासारखा उजेड. अडचण एकच, तिथे रखवालदाराची खुर्ची असते आणि खुर्चीत रखवालदार.

नियम आधी विचारून घ्यावेत, काही बागांत व्यावसायिक शूटिंगला लेखी परवानगी लागते. एरवी माझा अनुभव असा की कॅमेऱ्याच्या आकारापेक्षा तिपाई जास्त खुपते. गळ्यातला कॅमेरा म्हणजे पाहुणा, तिपाई उघडली की सिनेमा. सकाळच्या उजेडात तिची गरजही नसते. शटर १/२०० सेकंदावर असलं की हात पुरेसा स्थिर राहतो.

आता मंडळींकडे वळू. बागेत आल्याआल्या मावशी ठरवून टाकतात की फोटो कारंज्यासमोरच हवा. “अहो, बागेत आलोय तर बाग दिसायला नको का?” नको. बाग दिसली की बागेतलं सगळंच दिसतं. तोंड वासून कचरा मागणारं पेंग्विन दिसतं, ओपन जिमच्या निळ्यापिवळ्या दांडीवर लोंबकळणारे काका दिसतात, ‘हिरवळीवर चालू नये’ ही पाटी आणि तिच्याखाली हिरवळीवर झोपलेला माणूस दिसतो. मागे झाडं हवीत, पण लांब. चेहरा कॅमेऱ्यापासून सहा फुटांवर असेल तर पानं त्याच्या मागे निदान वीस फूट असावीत. मग ८५ मिलिमीटरची लेन्स त्यांचा मऊ हिरवा शेवाळ करून टाकते. मोबाईल असेल तर दोन किंवा तीन पट झूम करून मागे सरका. नुसत्या १ वर जवळ गेलात तर नाक आधी पोचतं आणि माणूस नंतर. पोर्ट्रेट मोड लावलात तर झुमका आणि गजरा मोठे करून तपासा. मोबाईलला कानाची कड कळते, मोगऱ्याची कळत नाही. अर्धा गजरा तो झाडाचा समजून पुसून टाकतो.

बटण दाबण्याआधी चौकटीचे चारही कोपरे बघायचे आणि मग डोक्याच्या वर बघायचं. दिव्याचा खांब डोक्यातून उगवलेला असतोच. मुलीला हलवू नका, तिला पदर पुन्हा लावावा लागेल. आपणच अर्धा फूट डावीकडे सरकायचं.

हिरवळीचंही एक दुखणं आहे. उन्हातलं गवत वर हिरवा उजेड फेकतं आणि तो थेट हनुवटीखाली साठतो. कुंपणाचा पिवळट डुरांटा जवळ असेल तर कावीळच. डॉक्टरचं स्थळ आलं तर आधी तपासणीला बोलावतील. म्हणून उभं करायचं मुरमाच्या पायवाटेवर. तिच्यावरून वर उडणारा उजेड उबदार असतो. आणि एक बाजू काळी पडत असेल तर वडिलांना कामाला लावा. पांढराशुभ्र सदरा घातलेले वडील चेहऱ्यापासून तीन फुटांवर उन्हात उभे केले, की विकतच्या रिफ्लेक्टरची गरज उरत नाही. त्यांना या सगळ्या प्रकारात प्रथमच काहीतरी भूमिका मिळते. फक्त त्यांना सांगायचं, पोट जरा डावीकडे. आदल्या दिवशी निरोप द्यायला विसरू नका, नाहीतर ते चौकड्याचा शर्ट घालून येतात. कपड्यांवरून आठवलं, पोपटी साडी बागेत आणू नये. साडी पानांत मिसळते आणि नुसतं मुंडकं तरंगतं. राणी, मोहरी, विटकरी रंग बेधडक चालतात.

फुलांचा मोह मला कळतो. काटेसावर फेब्रुवारी-मार्चमध्ये, बहावा एप्रिल-मेमध्ये, ताम्हणही त्याच सुमारास, आणि पाऊस संपता संपता बुचाची झाडं. बहाव्याखाली उभं करायचं तर ऊन पाठीमागून येऊ द्या, घोस दिव्यासारखे पेटतात. चेहरा मात्र काळवंडतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, +०.७ ते +१ करा. मोबाईलवर चेहऱ्यावर बोट टेकवून ते सूर्याचं चिन्ह वर सरकवा. विरळ पानांच्या गुलमोहराखाली अजिबात थांबू नका. वरून गळणारे कवडसे गालावर पडले की वधू चित्त्यासारखी दिसते. बुचाची फुलं रात्रीत गळतात, पहाटे खाली पांढरा गालिचा असतो आणि त्यावर पहिला हक्क खराट्याचा. खराटेवाल्या मावशींशी आदल्या दिवशी बोलून ठेवावं, “मावशी, उद्या हे झाड शेवटी घ्या.” मी बागेत जेवढ्या विनवण्या करतो, त्यांतली ही एकच हमखास फळते.

नावाजलेल्या बागांबद्दल थोडक्यात. सिंहगड रस्त्यावरच्या पुणे-ओकायामा मैत्री उद्यानाची रचना जपानच्या ओकायामातल्या कोराकुएन बागेवरून घेतली आहे, तिथे दर वळणावर नवा देखावा उलगडतो. आमची मंडळी वळणाला वळसा घालून पुलाजवळच्या रांगेत उभी राहतात. पुण्यातल्याच एम्प्रेस गार्डनची सावली इतकी दाट की आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) ८०० वर न्यावा लागतो. मेमध्ये तेच वरदान. मुंबईला राणीच्या बागेत बुधवारी जाऊ नका, बंद असते. इतर दिवशी सगळं गाव पेंग्विन बघायला धावतं आणि गोरखचिंचेचा तो हत्तीएवढा राखाडी बुंधा रिकामा राहतो. त्याच्या सावलीकडच्या बाजूला उभं केलं की चेहरा त्यावर सुरेख उठून दिसतो.

एवढी मूठ फिरवून, मावशींची समजूत काढून आणि शेवटी त्यांच्या समाधानासाठी कारंज्यासमोरही एक काढून (कारंजं अर्थातच बंद) फोटो घरी जातो. तिथून तो बायोडाटा तयार करणाऱ्या भाच्याकडे. तो त्याला उजव्या कोपऱ्यात, जन्मवेळ आणि गोत्राच्या शेजारी, दोन इंच बाय दीड इंचात बसवतो. बहावा जातो, बांबू जातो, वीस फूट मागची पानं जातात. उरतो मुरमावरून उडालेला उजेड, त्यात उजळलेला चेहरा आणि कडेला वडिलांच्या सदऱ्याची एक बाही.