पहिला पाऊस, मेलेले मासे आणि एक मेसेज

मृगाच्या सरी आल्या की आपल्या ग्रुपांवर मेसेज फिरतो: "बेळगाव-खानापुरात आम्लपाऊस सुरू! मासे मेले. भिजू नका, कातडी जळेल. ओढ्यात चुना टाका."

कातडीचं आधी उरकू. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळत असल्यानं स्वच्छ पावसाचाही पीएच, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा, 5.6 च्या आसपास असतो; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त. युरोपातला गाजलेला आम्लपाऊस, म्हणजे धुरातले वायू विरघळून आंबट झालेला पाऊस, 4 ते 4.5 चा, लिंबाचा रस 2 च्या जवळचा. एक आकडा उतरला की आम्लता दहापट. लिंबू पिळून कुणाची कातडी जळलीय?

आम्लपावसानं मासे मरतात, हे खोटं नाही. दक्षिण नॉर्वेतल्या कित्येक तळ्यांतून ट्राउट मासे नाहीसे झाले. तिथं ग्रॅनाइट आणि वर पातळ माती, आम्ल जिरणार कुठं? पीएच 5 च्या खाली बहुतेक माशांची अंडी फुटत नाहीत. मातीतून सुटलेलं ॲल्युमिनियम कल्ल्यांवर साचतं आणि मासा गुदमरतो. पण तळी अशी खचायला वर्षानुवर्षं जावी लागली, एका सरीत ते झालं नाही.

आपल्याकडं घटप्रभेच्या वरच्या खोऱ्यात काळा कातळ आहे, तो बऱ्यापैकी आम्ल जिरवतो. कणकुंबी-जांबोटीकडची जांभ्याची माती मुळातच आम्लधर्मी, तिथले ओढे तेवढे कणखर नाहीत, हे मान्य. पण मेलेले मासे दिसतात ते बहुधा सांडपाणी मिसळतं त्याच्या खालच्या अंगाला. बेळगावच्या बळ्ळारी नाल्यासारख्या ठिकाणी उन्हाळाभर साचलेला काळा गाळ, कुठं मळीचं पाणी, पहिल्या लोंढ्याबरोबर एकदम खाली येतं. ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो. म्हणून मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करतात. ऑक्सिजन तेव्हाच सर्वांत कमी असतो. बाकीचे मेले आणि वरची हवा घेणारे मरळ-मागूर तगले, तर संशय पावसावर घेऊच नका.

राहिला चुना. आम्ल मारायला स्वीडननं तळ्यांत चुनखडीची भुकटी टाकली, पण मोजून-मापून. सांडपाण्याच्या ओढ्यात कळीचा चुना ओतलात तर पीएच एकदम चढतो, पाण्यातल्या अमोनियमचा विषारी अमोनिया होतो आणि उरलेसुरले मासेही जातात. त्यापेक्षा सकाळीच ओढ्याच्या कडेनं वर चालत जा. वास जिथं सुरू होतो तिथलं पाणी बाटलीत भरा, वेळ लिहा, फोटो काढा आणि प्रदूषण मंडळाकडं तक्रार द्या. दुपारपर्यंत थांबलात तर लोंढा निघून गेलेला असतो.