९८ नंबरचा साप

प्रौढांना शिकवताना त्यांच्या अनुभवाला हात घाला, असं माल्कम नोल्स हा अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ सांगून गेला. त्यानं आमच्या लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टर पाहिल्या नव्हत्या.

ट्रेनिंगला निम्म्या सिस्टर डुलक्या काढतात. नाइट करून आलेल्यांना काय बोलणार? म्हणून यंदा स्लाइड बंद, सापशिडी सुरू. जुन्या बेडशीटवर १०० घरं आखली, औषधाच्या बाटल्यांची (व्हायलची) झाकणं सोंगट्या झाली. फासा ग्लव्हजच्या खोक्याचा. खोका चपटा, त्यामुळे दान पडायचं ते एकतर दोन, नाहीतर पाच.

साबणानं ४० सेकंद हात धुतले की शिडी. वापरलेल्या सुईला टोपण परत लावलं की साप. सगळ्यात लांबडा साप ९८ वर : पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेत. शेपूट चारवर. वॉर्डात असं केलं तर पेशंटचं हृदय बंद पडतं. मी नुसतं चारवर आणत होते, तरी मीच वाईट.

लेबर रूमच्या सिस्टर ९३ वर होत्या. पाच पडले.

"मी नाही उतरणार."

"अहो सिस्टर, खेळ आहे."

"असू दे. २८ वर्षं सर्व्हिस झाली. ड्रिपमध्ये मिसळल्याशिवाय पोटॅशियम दिलं नाही कधी. मग मला का चावतोय हा?"

आयसीयूवाल्या म्हणाल्या, आमच्याकडे दोघींनी लेबल वाचल्याशिवाय अँप्यूल, म्हणजे औषधाची बंद कुपी, फुटत नाही. मेल सर्जिकलवाल्या उसळल्या, "रात्री ४० पेशंटना मी एकटी. दुसरी कोण, भिंत?" मग एकीनं विचारलं, डिस्टिल्ड वॉटर आणि पोटॅशियमच्या अँप्यूल एकाच ट्रेमध्ये कोण ठेवतं? यावर जो कल्ला झाला, त्यात माझा पाऊण तासाचा लेसन प्लॅन वाहून गेला. डुलकी मात्र एकीलाही लागली नाही.

तेवढ्यात रिटायरमेंटला आलेल्या एक सिस्टर मागच्या खुर्चीवरून म्हणाल्या, "मी भरली होती सिरिंज. पाणी समजून. टोचायच्या आधी अँप्यूल पुन्हा बघितली, म्हणून."

हॉल गप्प.

लेबर रूमच्या सिस्टरांनी आपलं झाकण उचललं, ५० वर ठेवलं.

"इथंच थांबते. चारवर तुम्ही जा, मॅडम. वॉर्ड सोडून अकरा वर्षं झाली तुम्हाला."