गोगलगायीच्या गोळ्यांबद्दलच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय पूर्ण वाचला. घरामागच्या दोन गुंठ्यांच्या परड्यात मिरची, वांगी आणि लाल माठ होता. गोगलगायी रोपं खातात म्हणून तुम्ही आमच्याकडून मेटाल्डिहाइड २.५ टक्के गोळ्यांचं अर्ध्या किलोचं पाकीट नेलं आणि संध्याकाळी रोपांच्या बुंध्याशी ढीग करून सगळं टाकलं. रात्री पाऊस लागला, गोळ्या फुगून त्यांवर बुरशी आली. मेलेली एकही गोगलगाय दिसली नाही आणि चार दिवसांत मिरची बुंध्यातून गेली. मग वाफ्यात मीठ टाकलं तर माठ करपला. औषध बनावट आहे, पैसे परत द्या, आणि दुसरं पाकीट मागितल्यावर "घरी कुत्रा आहे का" असं विचारून परत पाठवलं, असं तुम्ही लिहिलं आहे.

सगळ्यात आधी एक काम. ते ढीग अजून परड्यात असतील तर आजच उचला. हातमोजे घालून खुरप्याने पिशवीत भरा आणि विहिरीपासून, वहाळापासून लांब दोन फूट खोल खड्ड्यात पुरून वर दगड ठेवा. तोवर कुत्रा बांधून आणि कोंबड्या खुराड्यात ठेवा. या गोळ्यांचा आधार धान्याच्या पिठाचा असतो, म्हणून कुत्रा त्या आवडीने खातो. थोड्या गोळ्यांनीही थरथर सुटते, झटके येतात, ताप चढतो. याला नेमका उतारा नाही, त्यामुळे असं काही दिसलं तर रिकामं पाकीट सोबत घेऊन लगेच पशुवैद्यकांकडे जावं लागतं. ब्रिटनमध्ये २०२२ पासून मेटाल्डिहाइड बाहेर वापरायला बंदी आहे, ती पक्षी आणि जंगली प्राणी वाचावेत म्हणून. "कुत्रा आहे का" हा प्रश्न आम्ही या औषधाच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो आणि पुढेही विचारणार. अर्धा किलो आधीच परड्यात पडलेला असताना दुसरं पाकीट देणं आम्हाला योग्य वाटलं नाही.

आता प्रमाण. शिफारस एकरी दोन किलोची आहे. एकरात चाळीस गुंठे, म्हणजे गुंठ्याला पन्नास ग्रॅम आणि तुमच्या परड्याला शंभर ग्रॅम. पाकिटाचा पाचवा भाग. चौरस मीटरला जेमतेम अर्धा ग्रॅम येतो, त्यामुळे टाकल्यावर "एवढ्याने काय होणार" असं वाटतंच. पण गोगलगाय वासावर फिरत येते आणि वाटेत भेटलेली गोळी खाते. गोळ्या ओळींच्या मधल्या जागेत सुट्या विखुरलेल्या असल्या की तिला कुठेतरी भेटतात. ढिगात त्या एकमेकींना चिकटून ओल धरतात, फुगतात, बुरशी येते आणि खाण्याजोग्या राहत नाहीत. तुमच्या फोटोत नेमकं हेच दिसतं. माठाच्या वाफ्यात तर गोळ्या टाकूच नका. पानांच्या बेचक्यात अडकलेली गोळी भाजीबरोबर घरात येते.

मेलेल्या गोगलगायी का दिसल्या नाहीत, याचं कारण औषध कसं काम करतं त्यात आहे. गोळी खाल्ली की गोगलगायीच्या अंगातला चिकट स्राव भरमसाट बाहेर पडतो, ती लुळी पडते आणि अंगातलं पाणी जाऊन मरते. म्हणजे त्यानंतर काही तास कोरडे मिळायला हवेत. पावसाची सर आली तर ती कातडीतून पाणी शोषून घेते आणि पुष्कळदा सावरते. जुलैच्या झडीत टाकलेलं औषध फुकट जातं ते यामुळे. शिवाय तुमच्या फोटोतली गोगलगाय बिनशंखाची, काळपट चपटी आहे. ती मेली तरी मागे कवच राहत नाही. म्हणून गोळ्या टाकल्यावर पहाटे उजाडताच फेरी मारायची आणि लुळ्या पडलेल्या उचलायच्या.

पावसाने उघडीप दिली की त्या संध्याकाळी गोळ्या टाका, जमीन ओलसर हवी पण पाणी साचलेलं नको. उघडीप मिळतच नसेल तर नारळाच्या करवंट्यांना कडेला बोटभर खाच पाडून त्या पालथ्या घाला आणि प्रत्येकीखाली चार-पाच गोळ्या ठेवा. वर दगड ठेवला की कोंबडी करवंटी उलथत नाही. हे पंधरा दिवसांनी पुन्हा करायचं, कारण अंडी मातीत असतात आणि त्यांच्यावर औषधाचा परिणाम होत नाही. साबुदाण्यासारखे ओलसर घोस कुंडीखाली किंवा बोटभर मातीखाली सापडले तर तेही गोळा करून नष्ट करा.

पण ताई, नुसत्या गोळ्यांनी तुमचं परडं सुटणार नाही. फोटोत मागे जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण) आहे, त्याला टेकून सोडणांचा (नारळाच्या सालींचा) ढीग आणि पातेरा (वाळका पाला) आहे. गोगलगायी दिवसभर तिथे असतात, वाफ्यात फक्त रात्री जेवायला येतात. सोडणं आणि पातेरा गडग्यापासून उचलून दूर न्या आणि गडग्याच्या पायथ्याची हातभर पट्टी तण काढून उघडी ठेवा. मग रोज रात्री नऊच्या सुमारास बॅटरी घेऊन याच पट्टीवर वेचणी करा, निदान दोन आठवडे. वेचणी कंटाळवाणी आहे, पण परसबागेत तिच्याइतका खात्रीचा उपाय नाही.

जोडीला गुळाचं गोणपाट ठेवा. दोन लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम गूळ विरघळवून त्यात गोणपाट भिजवा, संध्याकाळी वाफ्यांच्या मधे अंथरा आणि सकाळी ऊन यायच्या आत उलटा. खाली जमलेल्या गोगलगायी चिमट्याने बादलीत टाका. बादलीत लिटरला दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ घातलेलं पाणी ठेवायचं. मिठाची जागा ही बादली. वाफ्यात टाकलेलं मीठ मुळांशी उतरतं, कोवळ्या रोपाला पाणी घेता येत नाही आणि ते करपतं. मेलेल्या गोगलगायी पुरा, पण ते पाणी परड्यात ओतू नका. उघड्या हाताने गोगलगाय धरू नका आणि पालेभाजी वाहत्या पाण्यात पान पान धुवा. उंदराच्या फुप्फुसातल्या एका कृमीची पिल्लं गोगलगायीत असू शकतात, आणि ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येते.

अंड्याची टरफलं पसरली तर चालेल का, असंही तुम्ही विचारलं आहे. नाही. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ साली टरफलं, तांब्याची पट्टी, खडी असे अडथळे तपासले, नुकसानीत फरक पडला नाही. राख आणि चुन्याची चार इंची पट्टी कोरडी असेपर्यंत उपयोगी, आपल्याकडच्या पावसात ती तासभरही टिकत नाही. आणि कुणी फोरेट हे दाणेदार कीटकनाशक सुचवलं तर त्याच्या नादी लागू नका. ते २०२० च्या अखेरीपासून बंद आहे.

बनावटपणाबद्दल. बॅच नंबर आणि मुदत तुमच्या बिलावर लिहिलेली आहे, ती पाकिटाशी ताडून पाहा. शंका राहिलीच तर तालुका कृषी कार्यालयात अर्ज द्या. कीटकनाशक कायदा १९६८ प्रमाणे निरीक्षक नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवू शकतात. त्याच बॅचची सीलबंद पाकिटं दुकानात आहेत, ती आम्ही विक्रीतून बाजूला काढून ठेवली आहेत. नमुना नापास झाला तर पूर्ण पैसे परत मिळतील. फोडलेलं विषाचं पाकीट मात्र परत घेता येत नाही.

मिरची पुन्हा लावणार असाल तर दोन आठवडे वेचणी झाल्यावरच लावा. ट्रेमधली रोपं पस्तीस दिवसांची, पेन्सिलीच्या निम्म्या जाडीची घ्या. कोवळा दांडा एका रात्रीत कातरला जातो, दांडा जाड झालेला असेल तर सहसा फक्त पानंच खाल्ली जातात. गादीवाफा वीतभर उंच करा. पाऊस नसेल तेव्हा पाणी सकाळी द्या, म्हणजे रात्री वरची माती सुकलेली असेल. लावणीच्या आदल्या संध्याकाळी वाफ्यात एक गोणपाट ठेवून बघा. सकाळी त्याखाली दोन-तीनपेक्षा जास्त गोगलगायी निघाल्या तर लावणी आठवडाभर पुढे ढकला.