लेओव्हर लांबचाच घ्या, आणि सगळे एका जागी बसू नका

विमानाचं तिकीट काढताना आपल्याकडं सगळ्यांची एकच धडपड, मधला थांबा, म्हणजे लेओव्हर, कमीत कमी पायजे. दीड तासाचं कनेक्शन मिळालं की चार जणांना फोन करून सांगतात. मला हे कधीच पटलं नाही. एकटा पोरगा, पाठीवर एक बॅग, असं असेल तर पळेल बिचारा. पण बरोबर दोन पोरं, गुडघे धरलेले सासरे, दर तासाला बाथरूम शोधणाऱ्या सासूबाई आणि सगळ्यांच्या पासपोर्टची पिशवी छातीशी धरून चालणारा नवरा असेल तर दीड तासात काय होतंय? पहिलं विमान अर्धा तास उशिरा उतरतं, मग पळापळ, मग परत सिक्युरिटीची लाईन, तिथं धाकट्याचे बूट काढा, सासऱ्यांचा पट्टा काढा, आणि गेटवर पोचेपर्यंत घरातल्या प्रत्येकाचं प्रत्येकाशी भांडण झालेलं असतंय. त्यापेक्षा सहा-आठ तासांचा लेओव्हर मुद्दाम घ्या, हे माझं सरळ मत. आमच्या घरी यावरून अजून वाद चालू आहे, पण तिकिटं आता मी काढते.

तसंही आपल्याला थांबा चुकतोय कुठं? आमचा बेळगावचा, म्हणजे सांबऱ्याचा, विमानतळ १९४२ चा, ब्रिटिशांच्या वेळचा, २०१७ ला नवीन टर्मिनल पण झालं, पण तिथनं थेट परदेशात विमान नाही. म्हणजे बेंगळुरू, मुंबई, हैदराबाद, नाहीतर चोर्ला घाटातनं गाडी काढून गोवा. आमचा दीर मेलबर्नला आणि नणंद ह्यूस्टनला, त्यामुळं आमचे दोन थांबे ठरलेलेच, एक बेंगळुरूचा आणि पुढं सिंगापूर नाहीतर दोहा.

आता खरं सांगायचं ते हे की थांबा लांब असण्याचा त्रास नाहीच ओ, आपण तिथं बसतो कसं त्याचा त्रास आहे. मिरज स्टेशनवर गाडीची वाट बघत बसल्यागत मध्ये सामान, भोवती सगळं कुटुंब, आणि कोण उठलं की "कुठं चाललास?" परत आला की "एवढा वेळ लागतोय होय?" अरे, मोठ्या बॅगा तर पुढं गेल्यात, एकाच तिकिटावर असतील तर त्या थेट शेवटच्या गावी मिळणार, हातात आहेत त्या चार पिशव्या, त्यांची एवढी राखण कशाला? सहा तास सहा माणसं एकमेकांची तोंडं बघत बसली तर भांडण नाही होणार तर काय होणार.

आम्ही आता काय करतो, उतरलो की पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून पुढच्या विमानाचा बोर्ड बघायचा, बाथरूम आणि पाणी कुठंय ते बघायचं, आणि मग भेटायची एक जागा ठरवायची. ही जागा सासूबाईंना इंग्लिश पाटी न वाचता सापडली पायजे, ही अट. दोह्याच्या हमद विमानतळावर त्याची सोय आयतीच आहे, मधोमध एक सात मीटर उंच पिवळं अस्वल बसवलंय, डोक्यातनं दिव्याचा खांब निघालेला. ते काय कलाकृती आहे म्हणे, मला त्यातलं कळत नाही, पण लांबनं दिसतंय आणि कोणालाही विचारलं तरी सांगतंय. अस्वलापाशी इतक्या वाजता, असं ठरलं की सगळ्यांनी सुटायचं. जोड्या मात्र नेहमीच्या करायच्या नाहीत. मुलगी आजोबांबरोबर, नवरा त्याच्या आईबरोबर, धाकटा माझ्याबरोबर, आणि दोन तासांनी बदली. नवरा आणि त्याची आई एवढा वेळ दोघंच बसून बोलालेत हे घरी कधी बघायला मिळतंय सांगा. नवऱ्याला पहिल्यांदा हे अजिबात चालत नव्हतं, माणूस हरवलं म्हणजे, गेट बदललं म्हणजे, सगळं "म्हणजे". आता तोच दुकानं बघत हिंडतोय.

दोह्याला आणखी एक चांगलं आहे, २०२२ ला टर्मिनलच्या आत द ऑर्चर्ड नावाची बागच केलीय, ३०० च्या वर झाडं, वर काचेचं छप्पर. सासरे रिटायर झाल्यापासून झाडंच लावतात, ते तिथं बसले की त्यांची काळजी मिटली. झोपायला शांत खोल्या आहेत, फुकट, पण पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी, आणि आडव्या खुर्च्या लवकर भरतात, म्हणून उतरल्या उतरल्या ज्याला झोप आलीय त्याला आधी तिकडं पाठवायचं, बाग नंतर बघता येते. एसी भयंकर. शाल, पायमोजे, एक पातळ चादर हातातल्या पिशवीतच ठेवा, मोठ्या बॅगेत ठेवलेली चादर तिथं काय कामाची.

सिंगापूरचं सगळे सांगतात, ज्वेल बघा ज्वेल बघा. ज्वेल म्हणजे विमानतळाला लागूनची दुकानांची मोठी इमारत, आत ४० मीटरचा धबधबा, २०१९ ला उघडलेला, इमारतीच्या आत पडणारा जगातला सगळ्यात उंच म्हणतात. पण ज्वेल हे इमिग्रेशनच्या बाहेर आहे हे कोण सांगत नाही! आपल्या पासपोर्टला बाहेर पडायला व्हिसा लागतो. ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा काही देशांचा व्हिसा असेल तर काही अटींवर ९६ तासांपर्यंत बिनव्हिसा सोडतात, पण त्या अटी तिकीट काढायच्या आधी वाचा, तिथल्या काउंटरवर उभं राहून नको. विमानतळाची फुकट शहर-टूर पण आहे, थांबा साडेपाच तासांच्या वर आणि २४ तासांच्या आत असला तर, तिथं पण प्रवेशाच्या अटी आल्याच. इस्तंबूललाही त्यांच्या विमान कंपनीची अशी टूर आहे, सहा ते २४ तासांच्या थांब्याला, तिथं पण व्हिसाचा प्रश्न येतोच.

माझं म्हणणं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर बाहेर पडूच नका. बसमध्ये चढा, उतरा, फोटो काढा, परत इमिग्रेशनच्या लाईनीत उभं राहा, आणि पुढं आठ तासांचं विमान. धबधबा बघायचाच असेल तर टर्मिनल २ आणि ३ च्या मधली स्कायट्रेन ज्वेलच्या आतनं जाते, इमिग्रेशनच्या बाहेर न पडणाऱ्या ट्रान्झिटवाल्यांना पण तीत बसता येतं, फुकट. एकदा जाताना, एकदा येताना. धाकट्यानं आम्हाला कितीदा इकडनं तिकडं नेलं ते विचारू नका. टर्मिनल ३ मध्ये फुलपाखरांची बाग आहे, फुकट सिनेमा आहे. पोरांना तेवढं पुष्कळ झालं.

बेंगळुरूचा थांबा मात्र आपल्या लोकांना मोजताच येत नाही. बेळगावची इंडिगो टर्मिनल १ ला उतरते, परदेशाची विमानं टर्मिनल २ वरनं. मध्ये फुकट बस आहे, पण तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर बॅगा घ्या, बाहेर या, बस धरा, परत चेक-इन, मग इमिग्रेशन. इथं चार-पाच तासांच्या खाली धाडस करू नका. वेळ उरला तर टर्मिनल २ बघण्यासारखं आहे, बांबूचं छत, वरनं लोंबणारी झाडं, २०२२ च्या नोव्हेंबरात उद्घाटन झालं त्याच दिवशी बाहेर बेंगळुरू वसवणाऱ्या केंपेगौडांचा १०८ फुटी पुतळा पण उघडला. तो राम सुतारांनी घडवलाय, आपल्या धुळ्याकडचे. सासऱ्यांनी हे टॅक्सीवाल्याला कन्नडमध्ये ऐकवलंच, आणि टॅक्सीवाला "हौदा?", म्हणजे "हो का?", म्हणून खूश झाला. सीमाप्रश्नावर सासरे बाकी कोणाचं ऐकत नाहीत, तिथं मात्र दोघांचं जमलं.

आणि दिवसा सहा-सात तास असतील, बॅगांची सोय असेल, तर जवळच देवनहळ्ळीचा किल्ला आहे, टिपू सुलतानाचं जन्मगाव. लहानसा आहे, तासाभरात होतोय. पण हे इमिग्रेशनच्या आधीच हं, एकदा शिक्का पडला की बाहेर येता येत नाही.

खाण्यापिण्याचं बोलायलाच पायजे. विमानतळावर चहा कितीला मिळतो ते तुम्हाला माहितीच आहे. कोलकात्याला २०२४ च्या शेवटी दहा रुपयांत चहा देणारा उडान यात्री कॅफे काढला, मग चेन्नईला काढला, तसं सगळीकडं होईल तेव्हा होईल. तोवर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी जिंदाबाद. कडक भाकरीला वास नाही, सांडत नाही, चार दिवस टिकते, आणि सिक्युरिटीवाला फार तर हातात घेऊन वळवून बघतो. लोणचं, ताक, पातळ असलं काही हातातल्या बॅगेत नको, १०० मिलीचा नियम आहे. सुकं खोबरं तर अजिबात नको, त्यात तेल असतंय, आपोआप पेट घेऊ शकतंय म्हणून नेऊ देत नाहीत. पॉवर बँक उलटी, ती हातातच पायजे. पाण्याच्या बाटल्या रिकाम्या न्या, आत भरा. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी तर डबा लेओव्हरमध्येच संपवायचा, तिथं खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहावी लागते, दुधाच्या पदार्थांना तर फारच कडक. दिराला कुंदा न्यायचा म्हणून सासूबाईंनी हट्ट धरलेला, मी म्हटलं सिंगापूरलाच खाऊन टाकूया, आणि खाल्ला. दीर अजून बोलून दाखवतोय.

व्हीलचेअर फुकट मिळते, पण ४८ तास आधी सांगा, तिकिटातच लिहून घ्या. मात्र थांबा लांब असला की एक होतंय, ढकलणारा माणूस आजोबांना एका कोपऱ्यात नेऊन ठेवतो आणि "बोर्डिंगच्या वेळी येतो" म्हणून जातो. एका विमानतळावर सासऱ्यांना असंच तासन्‌तास बसवलेलं, वर "उठू नका" म्हणून सांगितलेलं. सासरे साधे, उठलेच नाहीत. पाय सुजले. तेव्हा खुर्ची लांब अंतरासाठी घ्या, गेटपर्यंत, आणि मधल्या वेळात तासाला एकदा तरी त्यांना चालवा, हळू का होईना.

गोळ्यांचं पण तसंच. दोह्याचं घड्याळ आपल्या अडीच तास मागं, सिंगापूरचं अडीच तास पुढं, मोबाईल आपोआप बदलतो आणि मग बीपीची गोळी घेतली की राहिली यावर चर्चासत्र. सासूबाईंच्या हातातलं साधं घड्याळ आम्ही भारताच्या वेळेवरच ठेवतो, प्रवास संपेपर्यंत गोळ्या त्याच घड्याळावर. पोचल्यावर काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारून.

लाउंजवर, म्हणजे कार्ड दाखवून बसायच्या-जेवायच्या जागेवर, मात्र फार भरवसा ठेवू नका. दोन रुपयांत जेवण हे रील बघून लोक जातात, पण आता बऱ्याच कार्डांना आधीच्या तीन महिन्यांत अमुक खर्च केलेला पायजे अशी अट आहे, आणि एका कार्डावर सहा माणसं जात नाहीत.

विमानच लेट होऊन थांबा वाढला तर भारतात डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचे, नियम आहेत. दोन तासांच्या वर उशीर झाला की खाणंपिणं मागा, सहा तासांच्या वर होणार असेल तर दुसरं विमान नाहीतर पैसे परत, आणि रात्री ८ ते पहाटे ३ मधलं विमान सहा तासांपेक्षा जास्त लांबलं तर हॉटेल. त्यातही विमानाचा प्रवास किती तासांचा, उशीर कशामुळं यावर अटी आहेत, पण आपण होऊन कोण काही देत नाही, काउंटरवर जाऊन मागावं लागतंय, आणि त्यासाठी घरातला सगळ्यात कमी भिडस्त माणूस पाठवायचा. आमच्यात मी.

परतीला बेंगळुरूत बॅगा घेऊन, कस्टममधनं बाहेर येऊनच पुढं जायचं असतंय, हा वेळ धरा. आणि रात्री उतरून सकाळच्या बेळगाव विमानासाठी सहा माणसं स्टीलच्या खुर्च्यांवर बसवू नका, खोली घ्या, तासांवर मिळतात. पहाटे उतरत असाल तर मी आता वेगळंच सुचवते, विमान सोडाच, २०२५ च्या ऑगस्टपासून बेंगळुरू-बेळगाव वंदे भारत आहे, दुपारी निघून रात्री बेळगावला. पाय पसरून, कन्नड-मराठी दोन्ही ऐकत घरी. फक्त विमानतळावरनं स्टेशनला जायला दोन तास तरी हाताशी ठेवा, वाटेतल्या हेब्बाळच्या ट्रॅफिकचा काय भरवसा नाही.