व्हॅलेन्सियातला गुरुवार

बंड्याला जर्मनीत शिकायला आल्यापासून एक आजार जडलाय. युरोतली कुठलीही किंमत दिसली की तो तिला शंभराने गुणतो, क्षणभर डोळे मिटतो आणि म्हणतो, "नको." अशा माणसाच्या हाती सहलीचा खजिना द्यायचा नसतो. पण बार्सिलोना त्याच्या गुणाकारात बसेना तेव्हा स्पेनमधलं व्हॅलेन्सिया त्यानेच शोधून काढलं, आणि पहाटेचं सगळ्यात स्वस्त विमानही त्यानेच. बॅग सीटखाली मावेल एवढीच. त्यामुळे प्रत्येकाच्या अंगावर दोन स्वेटर, खिशात मोजे आणि चार्जर, अशी आमची वरात निघाली. लोणचं हा द्रवपदार्थ मानायचा का, यावर पाटलाने सुरक्षा तपासणीतल्या बाईंशी तात्त्विक चर्चा केली. बरणी तिथेच राहिली. बंड्याने तिची किंमत वहीत लिहून ठेवली.

हॉस्टेलच्या खोलीत दुमजली खाटा होत्या. खालच्या खाटेवरच्या गृहस्थांच्या घोरण्यावर स्वतंत्र लेख होईल, म्हणून इथे आटोपतं घेते.

खरी गंमत गुरुवारची. चौघांतली जोशी, जिला आम्ही तेविसाव्या वर्षीच काकू म्हणतो, दत्ताचा गुरुवार करते. परदेशात, सहलीत, तेही स्पेनमध्ये उपास म्हणजे हिचे हाल होणार, असं आम्हा तिघांना वाटलं. पाटलाने तर आदल्या रात्री तिचं सांत्वनही केलं.

सकाळी न्याहारीला एका बारमध्ये गेलो. व्हॅलेन्सियात दहा-साडेदहाला कामावरची माणसं काम टाकून हातभर लांब पाव खायला बसतात. आत मांस, अंडी, बटाटे, काय वाट्टेल ते. बंड्याने गुणाकार केला आणि तिघांत एक पाव मागवला. पावासोबत ऑलिव्ह आणि भाजलेल्या शेंगा आपणहून आल्या. शेंगा काकूच्या पुढ्यात गेल्या, कारण त्या तेवढ्याच तिला चालत होत्या. ऑलिव्ह हे फळ धरायचं का, यावर एकमत झालं नाही. आमच्या वाट्याला पावाचा तिसरा हिस्सा आला. काकूपुढे टरफलांचा ढीग वाढत होता.

मग ट्रामला पैसे नकोत म्हणून नदीतून चाललो. नदीतून म्हणजे खरंच नदीतून. 1957 च्या ऑक्टोबरात तुरियाला मोठा पूर आला, शहर बुडालं, तेव्हा त्यांनी सरळ नदीच उचलून शहराच्या दक्षिणेला नेली. कोरड्या पात्रात मोठा रस्ता काढायचा बेत होता. लोकांनी तो हाणून पाडला आणि बाग करून घेतली. मैलोनमैल बाग, डोक्यावरून जुने दगडी पूल, आणि फुकट. बंड्या इतका हरखला की त्याने आम्हाला ती जवळजवळ सगळी दाखवली.

वाटेत सेंट्रल मार्केट लागलं. 1928 सालचं, रंगीत काचांचा घुमट असलेलं. काकूने संत्री, बदाम आणि खजूर घेतले. बंड्या काही बोलू शकला नाही, उपासाच्या सामानावर गुणाकार करणं त्याच्या संस्कारांत बसत नाही. समोरच रेशमाच्या व्यापाऱ्यांची जुनी पेढी, ला लोंखा. ती आम्ही बाहेरून पाहिली. रविवारी आत फुकट सोडतात, आणि आमचं परतीचं विमान शनिवारचं.

रस्त्याकडेची झाडं फेब्रुवारीत संत्र्यांनी लगडलेली असतात. कोणी तोडत नाही, हे पाहून बंड्याचे डोळे भरून आले. त्याने एक तोडलं, सोललं, अख्खी फोड तोंडात टाकली. ती संत्री शोभेची असतात, चवीला कडूजहर. कोणी का तोडत नाही, ते त्याला कळलं. त्याने फोड गिळली मात्र. टाकवेना.

बाराला कॅथेड्रलच्या दाराशी पोचलो. दर गुरुवारी दुपारी बाराला तिथे पाण्याचं न्यायालय बसतं. आठ कालव्यांचे शेतकऱ्यांनी निवडून दिलेले आठ जण काळे झगे घालून लाकडी खुर्च्यांवर बसतात. वकील नाही, कागद नाही, सगळं तोंडी, तेही व्हॅलेन्सियन भाषेत. शेकडो वर्षांची रीत. युनेस्कोने 2009 मध्ये आपल्या यादीत घेतली. अधिकारी एकेका कालव्याचं नाव पुकारतो, कोणावर तक्रार आहे का विचारतो. त्या दिवशी कोणावरच नव्हती. पाच-दहा मिनिटांत न्यायाधीश उठून गेले.

पाटील नगर जिल्ह्यातला. पाटाच्या पाण्याची पाळी, पाटकऱ्याची मर्जी, रात्री बॅटरी घेऊन बारं धरणं, हे त्याने लहानपणापासून पाहिलंय. तो जागचा हलेना.

"तारीख नाही पडली?"

"केसच नव्हती रे."

"नव्हती म्हणजे? आमच्या बांधाची आजोबांनी लावलीय, अजून चालू आहे." बराच वेळ तो त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होता.

आता जेवण. पाटलाला पाएया, म्हणजे इथला पसरट कढईतला भात, खायची होती, तीही अस्सल, कोंबडी आणि सशाची. स्पेनमधल्या बऱ्याच साध्या खानावळींत गुरुवार हा भाताचा वार. दुपारच्या ठरावीक थाळीत पहिला पदार्थ म्हणून पाएया येते, पुढे दुसरा पदार्थ, पाव, पेय, गोड. दारोदार किमतींचे फळे लावलेले. पहिला फळा वाचून मी आत शिरणार, तेवढ्यात बंड्या म्हणाला, "पुढच्या गल्लीत स्वस्त असेल." पुढच्या गल्लीत एक युरो कमी होता. म्हणजे त्याच्या पुढच्या गल्लीत आणखी कमी असणार, हे ओघाने आलंच. असं करत आम्ही जुन्या शहराची प्रदक्षिणा घातली. काचेआड पसरट कढया फिरत होत्या. तळाला लागलेली खरवड माणसं चमच्याने खरवडून खात होती. काकू मागून संत्री सोलत येत होती. शेवटी बंड्याने एक दार पसंत केलं. वेटर हात पुसत बाहेर आला. चार वाजून गेले होते, स्वयंपाकघर बंद, आता साडेआठला.

तिथे बंड्याशी दोघांचं बोलणं बंद झालं.

काकू म्हणाली, "ओर्चाता पिऊ या." हे इथलं दुधासारखं गार पेय. चुफा नावाचे बारीक कंद भिजवून, वाटून, गाळून साखर घालतात. पण उपासाला चालतं का? तिने आजीला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेआठ, ऐन मालिकेची वेळ.

"कंद आहे ना? मग चालतो," आजी एका वाक्यात मोकळ्या झाल्या. मी माहिती पुरवली की चुफा आपल्या नागरमोथ्याच्या कुळातला. पलीकडे मालिकेचा आवाज बंद झाला.

"नागरमोथा? अगं, तो दिवाळीला उटण्यात घालतात! पिताय काय?"

काकूने दोन पेले प्यायली. सोबतचा लांबट गोड पाव गव्हाचा म्हणून तिला चालत नव्हता. तो आम्ही तिघांनी वाटून घेतला.

मालवारोसाच्या किनाऱ्यावर फेब्रुवारीतलं वारं काय असतं ते विचारू नका. दोन स्वेटरांचं कारण तिथे कळलं. सुपरमार्केटमधून ब्रेड आणू, असं मी सुचवलं, पण पाटील आता पाएयाशिवाय दुसऱ्या कशाला तोंड लावणार नव्हता. साडेआठला एका चांगल्याशा ठिकाणी गेलो. वेटरने आम्हाला दयेने पाहिलं. पाएया दुपारचं जेवण आहे, रात्री एवढा भात पोटाला जड होतो, म्हणाला. मग चौघांत तळलेल्या बटाट्यांची एक बशी आली. काकूने सॉस वेगळा ठेवायला लावला होता, आणि बटाटा उपासाला चालतो, त्यामुळे पहिला हात तिचा.

रात्री खाटेवर बंड्याने वही उघडली. शेंगा, संत्री, बदाम, खजूर, दोन ओर्चाता, बटाटे. दिवसभर पोटभर जेवलेलं माणूस एकच, आणि तिचा उपास होता.

"उद्यापासून सगळ्यांनी उपास," बंड्या म्हणाला.

"उद्या शुक्रवार," काकू वरच्या खाटेवरून म्हणाली. "संतोषी माता. आंबट चालत नाही."

पाटलाने तिच्या पिशवीतली उरलेली संत्री आपल्याकडे ओढून घेतली.