एकरी १० लाखांचा हेम्प: खरं किती आणि फेकाफेकी किती

तो मेसेज आमच्या गावच्या ग्रुपवर आता चौथ्यांदा आलाय. "हेम्प म्हणजे गांजा नाही, वेगळंच झाड आहे. सरकारने परवानगी दिली आहे. पाणी नाही, फवारणी नाही. २५ हजार वस्तू बनतात. एकरी १० लाख नक्की. कापूस सोडा, हेम्प लावा." खाली हात जोडलेले. माझं कृषी सेवा केंद्र आहे, त्यामुळे मेसेज फिरला की दुसऱ्या दिवशी काउंटरवर दोन-तीन जण हजर, भाऊ बियाणं येईल का म्हणून. एकदाच लिहून टाकतो.

"वेगळंच झाड." नाही हो. झाड एकच, कॅनाबिस सटायव्हा. नशा आणणारं जे टीएचसी असतं ते सुकलेल्या मालात ०.३ टक्क्यापेक्षा कमी असलं की त्याला हेम्प म्हणायचं, जास्त असलं की गांजा. ही ०.३ ची रेघ १९७६ साली स्मॉल आणि क्रॉनक्विस्ट या दोन शास्त्रज्ञांनी वर्गीकरणाच्या सोयीसाठी ओढली आणि अमेरिकेने २०१८ च्या फार्म बिलात तीच कायद्यात घेतली. बांधावर उभं राहून तुम्हाला काय किंवा हवालदाराला काय, ०.२ आहे की २ आहे हे सांगता येत नाही, लॅबच लागते. दिसतो तो फरक लागवडीचा. धाग्याचा हेम्प कडब्याच्या ज्वारीसारखा दाट पेरतात, सरळसोट उंच जातो, आणि गांजावाले मादी झाडं लांब लांब लावतात, नर उपटून टाकतात, कारण बी धरलं की माल हलका होतो.

एकाने खाली अंबाडीचा फोटो टाकून "हे तर आपल्याकडे आहेच" असं लिहिलं. बाबा रे, अंबाडीला इंग्रजीत डेक्कन हेम्प आणि तागाला सन हेम्प म्हणतात हे खरंय, पण ते नावापुरतं. अंबाडीचं पान गांजासारखं दिसतं म्हणून शास्त्रीय नावात कॅनाबिनस आलंय एवढंच, ती आपली खुशाल भाकरीसोबत खा.

आता "सरकारने परवानगी दिली." यात अर्धं खरं आहे आणि तेच जास्त धोक्याचं आहे. अमली पदार्थांचा जो १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे, त्यातलं कलम १४ सांगतं की धाग्यासाठी किंवा बियांसाठी सरकार आदेश काढून लागवडीला परवानगी देऊ शकतं. देऊ शकतं, दिलेली आहे असं नाही! उत्तराखंडने २०१८ मध्ये लायसन द्यायला सुरुवात केली, आपल्याकडे तसं काही नाही. २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने कुठल्याच पिकाला भाव नाही म्हणून गांजा लावायची परवानगी द्या असा अर्जच कलेक्टर ऑफिसला दिला होता, पेपरात गाजलं, परवानगी काही मिळाली नाही. विनापरवाना लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे, आणि मी हेम्प समजून लावलं होतं ही सबब कोर्टात किती टिकेल ते वकिलालाच विचारा.

मेसेजवाले पुरावा म्हणून एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षेच्या संस्थेचं, पत्र जोडतात. नोव्हेंबर २०२१ चं आहे, खरं आहे, हेम्पचं बी, तेल आणि पीठ खाद्यपदार्थ म्हणून विकायला मान्यता दिलीय. पण खसखस किराणा दुकानात मिळते म्हणून तुम्ही अफू लावता का?

पाण्याचं थोडक्यात. कापसापेक्षा कमी लागतं हे मान्य, पण रोप लहान असताना पाणी साचलेलं त्याला अजिबात चालत नाही, आणि जुलैत आपल्या काळ्या रानाची काय गत असते ते मी सांगायला नको. वर युरोपातलं वाण आणलं तर आपल्याकडे दिवस लहान पडतो, झाड गुडघा-कमरेला आलं की फुलावर येतं, मग धागा कशाचा काढणार.

आणि आता १० लाख. हा आकडा कुठून आला असेल ते बघा. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या हिशोबात तिथल्या हेम्पची किंमत २०२१ ला ८२.४ कोटी डॉलर होती, २०२२ ला २३.८ कोटी. एका वर्षात धाडकन खाली, कारण सगळे सीबीडीच्या (हेम्पच्या फुलांतून काढतात ते, नशा न आणणारं द्रव्य) मागे लागले आणि माल पडून राहिला. त्यातला बहुतेक पैसा फुलांचा होता, धाग्याचा नाही. आणि आपल्या कायद्यात गांजाची व्याख्याच फुलोऱ्याचे शेंडे अशी आहे, टीएचसी किती टक्के याचा तिथे उल्लेखसुद्धा नाही. म्हणजे ज्या भागाला पैसा आहे नेमका तोच भाग इथे गांजा ठरतो, उरतं खोड आणि बी.

खोडात धागा पाव भाग, बाकी भुसकट. ज्यांच्या घरी अंबाडी सडवून वाख काढायचे त्यांना माहितीय ते काम काय असतं, पाण्याला वास, हाताला फोड. हेम्पला तेच, फक्त मशीन लागतं, आणि ते जवळ लागतं कारण खोडं ट्रकमधून लांब नेली तर भाड्यातच सगळं जातं. साखर कारखाना नसलेल्या तालुक्यात ऊस लावल्यासारखं आहे ते. २५ हजार वस्तूंची गोष्ट १९३८ च्या एका अमेरिकन मासिकातली आहे आणि तो लेखसुद्धा धागा सोलायच्या नव्या मशीनबद्दल होता, मेसेजमध्ये मशीन गाळलंय. फ्रान्समध्ये हेम्प चालतो, युरोपातलं निम्म्याहून जास्त उत्पादन तिथलं, कारण तिथे कारखाने आहेत, बांधकामाला आणि जनावरांखाली अंथरायला तो भुसा विकत घेणारे आहेत. तरी २०२२ ला सगळ्या युरोपियन युनियनमध्ये मिळून हेम्प ३३ हजार हेक्टर, आपल्या एकट्या यवतमाळात कापूस त्याच्या कितीतरी पट असेल. कारखाना आणि लायसन दोन्ही आलं तर मी स्वतः बियाणं ठेवीन, माझा काही हेम्पशी वाद नाही.

परवा एक पोरगा ऑनलाइन मागवलेलं "हेम्प बियाणं" घेऊन आला, उगवण होईना म्हणून. पाकीट उघडून तळहातावर ओतलं तर पांढरट, मऊ, वर टरफलच नाही. खायचं सोललेलं बी ते. तुरीची डाळ पेरून तूर उगवायची वाट बघत होता बिचारा, आणि उगवली नाही हे त्याचं नशीबच म्हणायचं. उत्तराखंडात या बियांची चटणी करतात हे मी त्याला सांगितलं. उरलेल्याची त्याच्या आईने जवसासारखी लसूण-मिरची घालून केली, बरी लागली म्हणे.