पाच वर्षे झाली म्हणून संगणक बाद होत नाही

‘गेमिंगचा संगणक पाच वर्षांचा झाला की त्यावर एक रुपयाही घालू नये, सुटे भाग बदलत बसण्यापेक्षा नवा घेतलेलाच शेवटी स्वस्त पडतो,’ असा सल्ला सध्या जिकडेतिकडे फिरतो आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ चार कारणे दिली जातात: प्रोसेसर बदलला की मदरबोर्ड आणि रॅमही बदलावी लागते, जुन्या प्रोसेसरवर नवे ग्राफिक्स कार्ड वाया जाते, जुना एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) पुरत नाही आणि विंडोज ११ चालत नाही. प्रत्येक कारणात थोडे तथ्य आहे, म्हणूनच ते पटते. पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्यापायी चांगले चालणारे संगणक भंगारात जात आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पहिले कारण संगणकाच्या वयावर नव्हे, तर प्रोसेसरच्या सॉकेटवर, म्हणजे बोर्डावर तो ज्या जागी बसतो तिच्यावर, अवलंबून आहे. इंटेलच्या सहाव्या आणि सातव्या पिढीचे बोर्ड ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्या बाबतीत ते बरोबर आहे. २०१७ च्या अखेरीस आलेल्या आठव्या पिढीत पिनांची संख्या तीच राहिली, तरी नवा बोर्ड घेणे भाग पडले. म्हणजे सातव्या पिढीच्या आय५ ७४०० वाल्याला फार तर आय७ ७७०० पर्यंत जाता येते, आणि तेथेही कोअर चारच मिळतात. एएमडीच्या एएम४ सॉकेटची गोष्ट अगदी वेगळी आहे. मार्च २०१७ मध्ये एएमडीचे पहिले रायझन प्रोसेसर ज्या सॉकेटवर आले, त्याच सॉकेटवर एप्रिल २०२२ मध्ये रायझन ५ ५६०० आणि रायझन ७ ५८००एक्स३डी आले. माझा संगणक २०१८ च्या दिवाळीतला आहे: बी४५० बोर्ड, रायझन ५ २६०० आणि जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड. दुकानदाराने ‘सगळेच बदला’ असे सांगितले होते. प्रत्यक्षात बोर्ड तोच, रॅम तीच ठेवून ५६०० बसवला आणि तो आजही चालू आहे.

मात्र हे काम क्रमाने करावे लागते. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायॉस (संगणक सुरू करणारे बोर्डावरचे सॉफ्टवेअर) अद्ययावत करावा, कारण जुन्या बायॉसला नवा प्रोसेसर ओळखताच येत नाही. एएम४ मध्ये पिना बोर्डावर नसून प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून घट्ट झाली असेल, तर कूलर सरळ वर ओढताच त्याला चिकटलेला प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो व पिना वाकतात. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटे एखादा जड गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्यावी, मग संगणक बंद करून, वीज काढून, कूलर डावी-उजवीकडे हलके फिरवत सुटा करावा.

रॅमचा हिशेबही या सल्ल्यात कोठेच नाही. एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव भडकले, आणि रॅम बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करण्याची घोषणा केली. अशा वेळी हाताशी असलेली जुन्या पिढीची डीडीआर४ रॅम मातीमोल ठरवून नव्या पिढीची डीडीआर५ विकत घ्यायला लावणारा सल्ला स्वस्ताईचा कसा म्हणावा?

दुसरे कारण, म्हणजे जुन्या प्रोसेसरवर नवे कार्ड वाया जाते हे, तपासायला पाच मिनिटे पुरतात. नेहमीच्या गेममधली एकच जागा १०८०पी वर आणि नंतर ७२०पी या कमी रिझोल्यूशनवर चालवून पाहावी. फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रे) भरपूर वाढल्या, तर अडचण ग्राफिक्स कार्डाची आहे. त्या जेमतेम हलल्या, तर प्रोसेसरची किंवा रॅमची. कित्येक संगणकांत रॅमची ८ जीबीची एकच पट्टी असते आणि तशीच दुसरी पट्टी योग्य खाचेत बसवली की ड्युअल चॅनेल (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरण्याची सोय) सुरू होऊन प्रोसेसरचा श्वास मोकळा होतो. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ किंवा ‘डूम: द डार्क एजेस’ यांसारखे गेम हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय (प्रकाशकिरणांचा हिशेब करणाऱ्या कार्डातील सोयीशिवाय) चालत नाहीत, त्यामुळे १०६० वाल्यांची वाट तेथे अडते हे खरे, परंतु तो दोष एका कार्डाचा आहे, सगळ्या संगणकाचा नाही. कार्ड निवडताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाच्या) चारच लेन वापरते, त्यामुळे पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या जुन्या बोर्डावर ते लंगडते. आठ लेनच्या आरएक्स ६६०० ला तेवढा फटका बसत नाही. इंटेलच्या आर्क कार्डांसाठी बोर्डावर रिसायझेबल बारची (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) सोय आहे ना, हे आधी पाहावे.

एसएमपीएसबद्दलचा इशारा मला मान्य आहे. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या, नाव नसलेल्या एसएमपीएसवर नवे कार्ड लावूच नये. पण चांगला एसएमपीएस पुढच्या संगणकातही वापरता येतो, तेव्हा तो खर्च जुन्या संगणकाच्या खाती का टाकायचा?

राहिले विंडोज. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ साठीच्या यादीत मोजके अपवाद सोडता इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० पासून पुढचेच प्रोसेसर आहेत. म्हणजे २०१८ चा माझा २६०० देखील त्या यादीत बसत होता. ‘टीपीएम नाही’ (म्हणजे विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय नाही) असा संदेश आला, तर बहुधा बायॉसमध्ये एफटीपीएम, म्हणजे प्रोसेसरमधलेच टीपीएम, बंद असते. ते चालू करावे. प्रोसेसर बदलण्यापूर्वी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की मात्र कागदावर उतरवून ठेवावी, कारण प्रोसेसरबरोबर एफटीपीएमही बदलते आणि विंडोज ती की मागून अडून बसते.

आय५ ७४०० वाल्याने नवा संगणक जरूर घ्यावा, आणि घेताना जुन्यातली एसएसडी, कॅबिनेट व चांगला असल्यास एसएमपीएस काढून सोबत न्यावा.